न काढलेला केर

माझी लेक सुजाता काल दुपारी गेली. विमान मध्यरात्रीचं, पण ठाण्याहून विमानतळ गाठायचं तर रस्त्याचा भरवसा नाही, म्हणून जेवली आणि निघालीच. आज सकाळी कामाला येणारी सविता झाडू घेऊन उभी राहिली तर मी म्हटलं, "केर राहू दे गं. भांडी घास नि जा."

"काल संध्याकाळीपण नाही काढला, आजी. पायाखाली कचकच करतंय."

"करू दे."

ती नवीन आहे, तिला काय सांगणार? घरचं माणूस परगावी निघालं की त्याच्या गेल्या पावली केर काढायचा नाही, हे पुष्कळ घरांत पाळतात. बाकीचे घटकाभर थांबतात. आमच्याकडे ते माणूस पोचल्याचं कळेपर्यंत झाडू भिंतीला टेकलेला. माझ्या सासूबाईंची ही शिस्त. राजापुराकडे असताना त्यांचे धाकटे दीर मुंबईला गेले, त्यांचं पोचल्याचं पत्र येईपर्यंत ओसरीवरची पानं ओसरीवरच कुजली, असं त्या अभिमानाने सांगायच्या. केराबरोबर माणसाची परतीची वाटही झाडली जाते म्हणे. मला हे पटतं का, असं सुजाताने एकदा विचारलं होतं. पटण्याचा काय संबंध? हात उचलत नाही झाडू घ्यायला, एवढं खरं.

तर अशी मी बसले आहे केरात, फोनची वाट बघत. आणि बाहेर थंडी पडली आहे. ठाण्यातली थंडी ती केवढीशी, पायात मोजे घालायला निमित्त. पण समोरच्या दोन टॉवरच्या मधल्या फटीत दिवेलागणीनंतर कृत्तिका येतात. डोळ्यांचं ऑपरेशन झालं तरी मला त्या सुट्या मोजता येत नाहीत. कुणी काचेवर श्वास सोडावा तसा धुरकट ठिपका. तरी त्या दिसल्या की मी ठाण्यात राहत नाही, डोंबिवलीला जाते, नव्वदीच्या मध्यावरच्या त्या एका थंडीत.

तिथं जाताना सगळ्यात आधी वास येतो. मानपाड्याच्या बाजूला आमची दोन खोल्यांची जागा, आणि पलीकडे कारखाने. थंडीत हवा खाली बसते, तसा वासही खाली बसायचा. कधी सडक्या अंड्याचा, कधी गोडसर, नखाला लावायच्या रंगासारखा. पाहुणे नाक धरायचे आणि आम्ही विचारायचो, "काय झालं?" संध्याकाळी दिव्यांभोवती पिवळट कडं धरायचं. शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी, म्हणून शुक्रवारची संध्याकाळ तेवढी धुतलेली. त्या दिवशी गच्चीवर गेलं तर आकाश असायचं. एरवी तारे म्हणजे ऐकीव गोष्ट.

सुजाताचे बाबा त्यातल्याच एका रंगाच्या कारखान्यात होते. आंघोळ करून झोपले तरी सकाळी उशीच्या अभ्र्यावर रंग उतरलेला असायचा. ज्या रंगाची बॅच चालू असेल तो रंग. मी दोरीवर अभ्रे वाळत घातले की शेजारीण विचारायची, "या आठवड्यात जांभळा का?" आम्ही हसायचो. हसण्यासारखंच होतं ते, तेव्हा. मग छाती धरली, घरी बसले, आणि हळूहळू अभ्रे पांढरे निघायला लागले. त्या पांढऱ्या अभ्र्यांची मला फार भीती वाटायची. वाटायचं, आता आत काही शिल्लक नाही.

दिवाळीनंतर डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "ही थंडी निघाली तर पुढचं बघू." त्याच आठवड्यात सुजाताला परदेशातल्या विद्यापीठाचं बोलावणं आलं. जानेवारीत हजर व्हायचं, आणि येताना इथलं काम पुरं करून त्याचा निकाल घेऊन यायचं. नाही गेली तर जागा दुसऱ्याला. एका घरात एकाच वेळी ही दोन बोलावणी.

तिचं काम काय होतं ते मला तिने परातीवर शिकवलं. मी फार शिकलेली नाही, सातवीनंतर जे काय ते वाचनालयाच्या पुस्तकांनी. पण पोरीला समजावून सांगायचा कंटाळा नव्हता. मी वालाच्या डाळिंब्या सोलत बसले होते. ती समोर बसली आणि म्हणाली, "आई, आपला सूर्य एकटा आहे ना, म्हणून आपल्याला वाटतं तारे एकटेच असतात. पण पुष्कळ तारे जोडीचे असतात, एकमेकांभोवती फिरणारे. आणि जिथे आत्ता तारे जन्माला येताहेत तिथे बघितलं तर जोड्या आणखीच जास्त दिसतात. मग मोठे होईपर्यंत त्या जोड्या जातात कुठे?"

"कुठे?"

"तारे जन्मतात गर्दीत. पुंजक्याने. एखाद्या जोडीच्या जवळून तिसरा गेला की ओढाताण होते." तिने परातीतल्या डाळिंब्यांतून हात फिरवला. "बघ. प्रत्येक डाळिंबीत दोन दळं. जितका हात फिरवीन तितक्या फुटतील. सैल असतील त्या आधी."

"अगं, फिरवू नको! बिरड्याचं पिठलं करतेस की काय?"

"तेच तर. किती फिरवलं तर किती उरतील, ते मी मोजतेय. सगळेच जोडीने जन्मले असं धरायचं, आणि मग गर्दीला तिचं काम करू द्यायचं."

आणि एक गोष्ट तिने सांगितली ती मी विसरले नाही. सैल जोडीला धक्का बसला की ती आणखी सैल होते, आणि घट्ट जोडीला बसला की ती आणखी घट्ट. धक्का तोच. बिरडं करताना डाव घालून ढवळायचं नसतं, पातेलं धरून हलवायचं असतं, हे मला आईने शिकवलं होतं. सगळ्यांनाच असं हलक्या हाताने हलवणारं कुणी मिळत नाही.

कृत्तिका हा असाच एक पुंजका. आकाशाच्या हिशेबात कालच्या पोरी.

हे मोजायला तिने एका ऑफिसने मोडीत काढलेला कॉम्प्युटर आणला होता. तिच्या इथल्या मार्गदर्शक सरांकडच्या मोठ्या मशीनवर तिचा नंबर लागायचा नाही, आणि कल्याणच्या कॉलेजात, जिथे ती तात्पुरती शिकवायची, तिथे एका मशीनला पन्नास पोरं लोंबकळलेली. म्हणून तो आमच्या बाहेरच्या खोलीत आला, बाबांच्या खाटेशेजारी. काळा पडदा, हिरवे आकडे, आणि आत पंख्याची घरघर. एका बाजूला ती घरघर आणि दुसऱ्या बाजूला यांच्या छातीची. मी स्वयंपाकघरातून ऐकायची तर कोणती कुठली ते कळायचं नाही. एक थांबली की धस्स व्हायचं, मग लक्षात यायचं, लाईट गेली आहे.

लाईट तर जायचीच. ती गेली की तारे जागच्या जागी मेले. म्हणून थोड्या थोड्या वेळाने फ्लॉपी घालून तोवरचं सगळं उतरवून ठेवायचं, आणि लाईट आली की सुरुवातीच्या आकड्यांची यादी उघडून, उतरवलं होतं तिथून पुढे चालू करायचं. सुजाता कॉलेजात. हे काम बाबांनी मागून घेतलं.

"माझी फर्स्ट शिफ्ट," म्हणायचे. खाटेवर तीन उश्या लावून बसलेले, नाकाला नळी, आणि गळ्यात चष्मा. मला हाक मारून सांगायचे, "अगं, तुझे तारे आज संथ आहेत." जवळजवळची एखादी जोडी फार जोरात फिरायला लागली की मशीन तिच्यातच गुंतायचं आणि बाकीचा सगळा पुंजका खोळंबायचा. "एका नवराबायकोचं भांडण नि सगळ्या चाळीचा नळ बंद," म्हणायचे.

सुरुवातीला प्रत्येक जोडीचे नंबर लागोपाठ होते. त्यातली त्यांनी एक जोडी आपली म्हणून धरली, एक्केचाळीस आणि बेचाळीस. एक्केचाळीस हा त्यांचा कारखान्यातला टोकन नंबर.

"मग बेचाळीस कोण?" मी विचारलं.

"कोण म्हणजे? भाकरी करायचं सोडून तारे बघायला कोण येतं?"

सुजाताने बघितलं आणि म्हणाली, "बाबा, ही जोडी फार सैल आहे. टिकायची नाही. दुसरी घ्या ना, ही बघा, सतरा-अठरा."

"सैल तर सैल. नंबर बदलून मिळतो का?"

झालं. मग रोज संध्याकाळी ती चप्पल काढायच्या आधी यांची बातमी. आज एकत्र आहेत. आज लांब गेले होते, परत आले. पाटलांच्या मंगळाकाकी, मजल्यावर फक्त त्यांच्याकडेच फोन, खाडीकाठच्या कोळ्यांची बाई, आवाज असा की भरतीवर ऐकू जावा, त्यासुद्धा दारातून विचारायच्या, "काय गो, एकेचालीस नांदतंय का?"

आणि त्याच्या मध्ये मध्ये ते दुसरं बोलणं. सुजाता म्हणायची, "मी नाही जात. पुढच्या वर्षी बघू." मलाही तेच हवं होतं, लपवत नाही. माणूस आज आहे उद्या नाही, एकुलती पोर डोळ्यांसमोर असावी. पण यांना ते चालायचं नाही.

"तू नाही जात? मग मी जातो आधी. म्हणजे तुझा खोळंबा मिटला."

"बाबा, असं बोलू नका."

"मग तिकीट काढ."

एवढं बोलून खोकला यायचा, आणि तो थांबेपर्यंत आम्ही दोघी भिंतीकडे बघत राहायचो.

डिसेंबर अर्धा गेला असेल. एका संध्याकाळी सुजाता कल्याणहून आली, पडद्यापुढे बसली. मी चहा ठेवला तर तिचं लक्ष नाही. मग म्हणाली, "बाबा, हा आकडा कुणी बदलला?"

तिच्या त्या यादीत एक आकडा हद्दीचा होता. पुंजक्यापासून इतक्या अंतरापलीकडे जो तारा गेला तो कायमचा गेला असं धरायचं आणि मोजणीतून काढून टाकायचा. पडद्यावर त्याचा नंबर एकदा उमटायचा, आणि मग कधीच नाही. ही हद्द कुणीतरी वाढवून ठेवली होती, चांगली ऐसपैस. त्यामुळे गेलेल्या सगळ्या जोड्या पुंजक्यातल्याच म्हणून मोजल्या जात होत्या. आणि फ्लॉपीवर जुन्याच्या जागी नवं उतरवायची पद्धत, त्यामुळे कोण कधी गेलं ते वेगळं काढायला मागचं काहीच उरलं नव्हतं. पहिल्यापासून सगळं परत चालवायला हवं होतं. आणि जायला उरले होते थोडे आठवडे.

"मी बदलला," बाबा म्हणाले.

"का?"

"एक्केचाळीस-बेचाळीस कडेला गेले होते. दोघंही. तुझं मशीन त्यांना काढून टाकणार होतं."

"काढणारच! गेले ना ते!"

"गेले म्हणून लगेच? अगं, अजून दारातून बाहेर पडताहेत, आणि हा तुझा प्रोग्राम झाडू घेऊन मागे उभा! गेल्या पावली केर काढतो? आपल्या घरात?"

सुजाता उठून उभी राहिली. "बाबा, खरं सांगा. मला थांबवायला केलंत ना तुम्ही हे? काम अर्धवट राहिलं की मी जाणार नाही, म्हणून?"

त्यांनी नाकाची नळी सारखी केली. मग म्हणाले, "तुला थांबवायचं तर मला एवढं इंग्रजी वाचावं लागलं नसतं, पोरी. नुसतं थांब म्हटलं असतं तर थांबली असतीस."

तिने आकडा पूर्वीचा केला आणि पहिल्यापासून चालू केलं. त्या दिवशी कुणी नीट जेवलं नाही. बिरडं होतं, दुसऱ्या दिवशी आंबलं.

मी पुष्कळदा विचार केला आहे यावर. त्यांच्या मनात काय होतं? पोरीला अडवायचं नव्हतं, हे मला पटतं. पण हात आकड्याकडे गेला, तो कुणाच्या भीतीने? माझ्या उभ्या आयुष्यात या माणसाने मशीनला लबाडी केलेली मला माहीत नाही. कारखान्यात त्यांच्या शेजारी उभा राहणारा एक जण भाजून गेला होता, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी नवा माणूस, त्याच्याच हुकाला डबा टांगून. त्या रात्री हे जेवले नव्हते. कोण जाणे, कुठून कुठे काय जोडलेलं असतं.

दुसऱ्या वेळचे तारे पहिल्यासारखेच जातील का, असं यांनी विचारलं. सुजाता राग विसरली होती तोवर. म्हणाली, "सुरुवात तीच आहे. पण मागच्या वेळी गेलेले तुम्ही धरून ठेवले होते, त्यांची थोडी थोडी ओढ आत राहिली होती. या वेळी ती नसेल. म्हणजे वाट बदलणार. किती, ते सांगता येत नाही."

"मग बघू."

पौष लागला. मंगळाकाकी म्हणाल्या, "पौषान धाडतेस गो पोरीला?" मी म्हटलं, तिकडच्या लोकांना पौष कळत नाही. मोजणी अजून पुरी व्हायची होती. सुजाताने तिथल्या सरांना कळवलं की शेवटचे आकडे मागून येतील. दर रविवारी ती काकींकडे फोन करणार, मी कागदावर आकडे उतरवून नेणार आणि वाचून दाखवणार, असं ठरलं. मशीनचं बघायला बाबा होतेच.

ती निघाली तेव्हा ते खिडकीशी उभे राहिले. कसे राहिले देव जाणे. ती रिक्षात बसली, वर बघितलं नाही. वर बघितलं असतं तर गेली नसती. रिक्षा वळली आणि हे मला म्हणाले, "झाडू कुठाय?"

"भिंतीला."

"राहू दे तिथेच."

दुसऱ्या दिवशी काकी जिन्यातूनच ओरडत आल्या, "पोचली गो तुझी पोर! बरफ पडतंय म्हणं तिकडं!" यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "काढ आता केर." मी काढला. सगळ्या घरातून तिच्या बॅगेला बांधलेल्या सुतळीचे तुकडे निघाले.

त्यानंतर ते फार दिवस नव्हते. एका सकाळी उठून त्यांनी फ्लॉपी घातली, उतरवून घेतलं, आणि मला म्हणाले, "कडेला आलेत. पण एकत्र आहेत अजून." मी चहा टाकायला आत गेले. चहा उकळला तेव्हा घरघर ऐकू येत होती, म्हणून मी निश्चिंत होते. ती मशीनची होती.

माणसं आली, जे करायचं ते केलं. आणि मग त्यांना उचललं. जिन्यावरचा आवाज अजून खालच्या मजल्यावर होता, तोच बायका उठल्या. एकीने झाडू घेतला, एकीने बादली भरली. तसंच करतात, मीही दुसऱ्यांच्या घरी केलं आहे. मेलेल्या माणसाच्या मागे घर लगेच झाडतात, धुतात. मंगळाकाकींनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "या मशीनची वायर काढा गो, पानी लागंल, करंट मारंल." माझ्याच बऱ्यासाठी. प्लग ओढला. हिरवे आकडे एकदा थरथरले आणि पडदा काळा झाला. मग खोलीत कसलीच घरघर राहिली नाही. पाण्याचा फराटा तेवढा उंबऱ्याबाहेर गेला, त्यात बडीशेपेचे दाणे होते. त्यांना तोंडात लागायची.

रविवारी फोन आला तेव्हा माझ्याकडे वाचायला आकडे नव्हते. तिला कळवलं होतं आधीच. ती एवढंच म्हणाली, "आई, जेवलीस का?" येता आलं नाही तिला. महिनाभराने तिने सांगितलं की तिथल्या मशीनने आमचं सगळ्या थंडीचं काम एका दुपारी करून टाकलं. निकाल तिने धरला होता तसाच आला. सैल जोड्या बहुतेक सगळ्या फुटल्या. तिचं नाव झालं त्यावर, पुढे नोकरीही.

मी फार वर्षांनी विचारलं, परवाच, ती इथे होती तेव्हा. बाल्कनीत बसलो होतो, मी डाळिंब्या सोलत होते आणि तिचे केसही आता माझ्यासारखे पिकलेले. "तिथे एक्केचाळीस-बेचाळीसचं काय झालं गं?"

ती कृत्तिकांकडे बघत म्हणाली, "दर वेळी वेगळं होतं, आई. मशीन बदललं, थोडंसं काही बदललं, की वाट बदलते. एकूण किती फुटल्या तो आकडा तोच येतो. पण कोण राहिलं आणि कोण गेलं, ते दर वेळी वेगळं."

"म्हणजे एखाद्या वेळी राहिले असतील?"

"एखाद्या वेळी. हो."

त्यांनी शेवटची उतरवलेली फ्लॉपी माझ्या कपाटात आहे, साड्यांखाली. ती वाचणारं मशीन आता कुठे मिळत नाही असं सुजाता म्हणते. मी मिळवायला सांगितलेलंही नाही. त्यात ते दोघं कडेला आलेले आहेत, आणि त्याच्यापुढे कुणी मोजलेलं नाही.

हे लिहिता लिहिता फोन वाजला. "पोचले, आई. थंडी आहे खूप." मी म्हटलं, मफलर गुंडाळ, आणि ठेवला. मग उठून झाडू घेतला. सविता उद्या येईल, पण हा केर माझा मी काढते. खोलीच्या मधोमध गोळा केला आणि कंबर धरून जरा उभी राहिले. गेलेल्या माणसाच्या मागे इतक्या घाईने का झाडून घेतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आता वाटतं, साधंच आहे. ते पोचल्याचा फोन यायचा नसतो. थांबलं तर थांबूनच राहावं लागेल.